जर्मनीची लोकशाही का कोसळली? राळेगावच्या एका मुलीच्या प्रश्नाच्या निमित्ताने

संविधान दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही राळेगावला गेलो होतो. कापूस वेचणीचे दिवस. कळंब सोडल्यापासून एस.टी.च्या दोन्ही बाजूंना पांढरे झालेले शिवार आणि वाकलेल्या बायांच्या रांगा. त्यामुळे कार्यक्रम उशिरा सुरू झाला. बाया शेतातून आल्या, चुलीवर भाकरी टाकल्या, लेकरांना जेवू घातले आणि मग विहारात येऊन बसल्या. वंदना झाली, उद्देशिकेचे सामुदायिक वाचन झाले, भाषणे झाली. अशा कार्यक्रमात शेवटी "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे विचारण्याची पद्धत असते आणि बहुधा कोणी विचारत नाही. त्या रात्री एक मुलगी उठली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तिची आई शेजारी बसून तिचा पदर ओढत होती.

"सर, पुस्तकात देल्लं हाय का आणीबाणीत मूलभूत हक्क थांबवाची सोय आपल्या घटनेनं जर्मनीच्या वायमार घटनेपासून घेतली. त्याच घटनेतून तं हिटलर आला. मंग बाबासायबानं ते काऊन घेतलं?"

सभागृह शांत झाले. आम्ही जमेल तसे उत्तर दिले, पण ते अपुरे होते हे आम्हाला बोलतानाच कळत होते. परत आल्यावर पुस्तके काढली. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आज येथे देत आहोत. ते जरा लांबून सुरू करावे लागेल.

पहिले महायुद्ध जर्मनी हरला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि बादशहा कैसर विल्हेल्म हॉलंडला पळून गेला. दोनच दिवसांनी युद्ध थांबले. म्हणजे बघा, युद्ध पुकारले बादशहाने, लढवले सरदार-सेनापतींनी, आणि पराभवाच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा खुर्चीत बसवले कामगारांच्या पुढाऱ्यांना. पुढे हेच सेनापती सांगत सुटले की, आमची फौज हरली नव्हती, घरातल्यांनी पाठीत सुरा खुपसला. हे धादांत खोटे होते. पण खोटे रोज सांगितले की लोकांना ते आठवणीसारखे वाटू लागते.

या नव्या प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट हा एका शिंप्याचा मुलगा. स्वतः घोड्यांची खोगिरे शिवणारा कारागीर. आपल्याकडे त्याला जीनगर म्हणतात. चामड्यात हात घातलेला माणूस बादशहाच्या जागी बसला, ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. जर्मनीतल्या उमरावांना, प्राध्यापकांना, न्यायाधीशांना ती शेवटपर्यंत पचली नाही.

जानेवारी १९१९ मध्ये घटना समितीची निवडणूक झाली. २० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मत. इंग्लंडमध्ये सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडावे लागले, हे लक्षात घ्या. ३७ स्त्रिया निवडून आल्या. बर्लिनमध्ये गोळीबार चालू होता म्हणून समिती वायमार नावाच्या लहान शहरात, एका नाटकगृहात बसली. तेथे १९ फेब्रुवारी १९१९ रोजी जर्मन संसदेत पहिल्यांदा एक स्त्री बोलायला उभी राहिली. तिचे नाव मारी युखाश. घरकाम केलेली, कारखान्यात राबलेली, शिवणकामावर दोन मुले वाढवणारी बाई. ती "स्त्री-पुरुषहो" म्हणाली तेव्हा सभागृहातले पुरुष हसले. तिने पुढे सांगितले की, सरकारने स्त्रियांना मत दिले यासाठी आम्ही आभार मानणार नाही, कारण जे आमचे होते आणि अन्यायाने अडवून ठेवले होते तेच मिळाले.

११ ऑगस्ट १९१९ रोजी घटनेवर सही झाली. कायद्यापुढे समानता, जन्माने मिळणारे सरदारी हक्क रद्द, बोलण्याचे, संघटनेचे स्वातंत्र्य. आठ तासांचा दिवस आधीच आला होता, १९२७ मध्ये बेकारी विमाही आला. त्या काळी जगात इतकी पुढारलेली घटना क्वचितच असेल. मग घोडे कुठे अडले?

घटना बदलली, खुर्चीवरची माणसे तीच राहिली. न्यायाधीश कैसरचे, फौजेचे अधिकारी कैसरचे, मोठमोठ्या जमिनी पूर्वेकडच्या जमीनदारांच्याच हाती. एबर्टने बंडाच्या भीतीने जुन्या सेनापतींशी हातमिळवणी केली आणि जानेवारी १९१९ च्या कामगारांच्या उठावावर भाडोत्री टोळ्या सोडल्या. रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लिबक्नेश्ट या नेत्यांना त्या टोळ्यांनी ठार मारले. कामगार चळवळीत त्या दिवशी जी फूट पडली ती पुन्हा सांधली नाही. एबर्टबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण हा दोष त्याच्या पदरात घालावाच लागतो.

न्यायदानाचे तर काय सांगावे! एमिल गुंबेल नावाच्या गणिताच्या अभ्यासकाने १९२२ पर्यंतच्या चार वर्षांतले राजकीय खून मोजले. उजव्या टोळ्यांनी केलेले ३५४ आणि डाव्यांनी केलेले २२. त्या ३५४ पैकी ३२६ खुनांना काहीच शिक्षा झाली नाही. २२ खुनांसाठी मात्र १० जणांना देहदंड झाला. परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ ज्यू होते म्हणून, आणि लोकशाहीचे होते म्हणून, जून १९२२ मध्ये भर रस्त्यात मारले गेले. हिटलरने नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकला सरकार उलथवण्याचा प्रयत्न केला. देशद्रोहाला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि वर्ष व्हायच्या आत तो सुटला. उलट, एबर्टने युद्धात कामगारांच्या संपाला साथ दिली होती, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याने देशद्रोह केला असे एका कोर्टाने १९२४ मध्ये लिहून ठेवले. तो राष्ट्राध्यक्ष असताना! या बदनामीच्या खटल्यांच्या धामधुमीत त्याने पोटाचे ऑपरेशन लांबणीवर टाकले आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये ५४ व्या वर्षी तो गेला.

राळेगावच्या विहारात हे सांगितले तेव्हा जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक काका म्हणाले, "म्हणजे कागद आपला, पण शाई त्याहीची." आम्ही इतके चांगले बोलू शकलो नसतो.

कामगारांनी ही लोकशाही एकदा वाचवलीही होती. मार्च १९२० मध्ये फौजेच्या काही तुकड्यांनी बर्लिनचा ताबा घेतला आणि काप्प नावाच्या अधिकाऱ्याला गादीवर बसवले. सरकार शहर सोडून गेले. फौज फौजेवर गोळी चालवायला तयार नव्हती. तेव्हा कामगारांनी देशभर संप केला. बर्लिनमध्ये दिवा नाही, नळाला पाणी नाही, ट्राम नाही, वर्तमानपत्र नाही. सरकारी कारकूनही काम करीनात. काप्प पाचव्या दिवशी पळाला. एकही तोफ न उडवता, हात खिशात घालून बसलेल्या माणसांनी बंड मोडले.

मग बारा वर्षांनी हेच कामगार का उठले नाहीत? त्याचे उत्तर पोटात आहे.

जिंकलेल्या देशांनी जर्मनीवर १३ हजार २०० कोटी सोन्याच्या मार्कांची भरपाई बसवली. भरपाई थकली म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या फौजांनी रूरचा कोळशाचा मुलूख ताब्यात घेतला. तेथील कामगारांनी काम बंद केले आणि सरकारने त्यांना पगार देण्यासाठी नोटा छापल्या. नोटा छापणे युद्धापासूनच चालू होते, आता धरणच फुटले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. बर्लिनमध्ये एक पाव सुमारे २० हजार कोटी मार्कांना. पगार रोज वाटावा लागे, कधी दिवसातून दोनदा. बायका कारखान्याच्या फाटकाशी टोपल्या घेऊन उभ्या राहत आणि नोटा हातात पडताच दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असे. आयुष्यभर पै-पै करून ठेवलेली पुंजी, विधवेचे पेन्शन, मुलीच्या लग्नासाठीचे पैसे, सगळ्याचा कचरा झाला. ज्यांनी कर्ज काढून कारखाने घेतले होते त्यांचे कर्ज मात्र एका पावाच्या किमतीत फिटले. त्या महिन्यात नवे चलन आणून सरकारने भाव थांबवले. एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा मार्क.

येथे एक योग सांगण्यासारखा आहे. लंडनला शिकत असताना बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठातही नाव दाखल केले होते. ते साल १९२१, मार्कची घसरण सुरू होती. आणि त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला तो १९२३ मध्येच. चलन किती काढायचे हे सरकारच्या लहरीवर सोडू नये, त्याला बंधन पाहिजे, असा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. नोटांची किंमत गेली की पहिला घाव रोजंदारीवाल्यावर पडतो, हे जर्मनीने त्याच वर्षी जगाला दाखवले.

पुढची पाच वर्षे बरी गेली. अमेरिकेचे कर्ज मिळाले, घरे बांधली गेली, हिटलरचा पक्ष १९२८ च्या निवडणुकीत १२ जागांवर होता. मग १९२९ ची मंदी आली. तिची झळ आपल्या वऱ्हाडातही लागली, कापसाचे भाव कोसळले. जर्मनीत अमेरिकेने कर्ज परत मागितले, कारखाने बंद पडले, १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख लोक बेकार.

शेतकऱ्यांचे हाल त्याआधीच सुरू झाले होते. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाईन प्रांतात कर्जापायी गुरांचे, शेतांचे लिलाव होऊ लागले. शेतकरी काळे झेंडे घेऊन निघाले, लिलाव बंद पाडू लागले. त्यांच्याकडे लोकशाही पक्षांपैकी कोणी नीट पाहिले नाही. हिटलरच्या पक्षाने गावोगाव सभा घेतल्या, आणि संकटाला एक चेहरा दिला. तो ज्यूंचा. जर्मनीत ज्यू शंभरात एकही भरत नव्हते. पण शंभरातल्या एकाकडे बोट दाखवले की उरलेल्या नव्व्याण्णवांना आपसातला फरक विसरायला सोपे जाते. जुलै १९३२ मध्ये या प्रांतात निम्म्याहून अधिक मते हिटलरला पडली. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाने हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा अशी आमची विनंती आहे.

आता त्या मुलीच्या कलमाकडे येऊ. वायमार घटनेचे ४८ वे कलम. शांतता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने फौज वापरावी आणि घटनेतली हक्कांची सात कलमे तात्पुरती थांबवावीत, असे ते होते. संसदेने सांगितले तर हुकूम मागे घ्यावा लागे. एबर्टनेही हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले, बहुतेक वेळा लोकशाही वाचवण्यासाठी. हत्यार नेहमी वापरले की म्यानाची आठवण राहत नाही. त्याच्यानंतर १९२५ मध्ये जनतेच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला तो युद्धातला म्हातारा सेनापती हिंडेनबुर्ग. जुलै १९३० मध्ये चॅन्सेलर ब्रूनिंगचा काटकसरीचा हुकूम संसदेने रद्द केला, तर हिंडेनबुर्गने संसदच बरखास्त केली. भुकेच्या दिवसांत निवडणूक झाली आणि हिटलरच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. त्यानंतर कायदे संसदेत होईनासे झाले, हुकूम निघू लागले. १९३१ मध्ये असे ४४ हुकूम निघाले. २० जुलै १९३२ रोजी तर याच कलमाखाली प्रशियाचे, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचे, समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचे सरकार घालवून दिले. त्या दिवशी १९२० सारखा संप का झाला नाही हे आता वाचकांच्या लक्षात येईल. ६० लाख बेकार फाटकाबाहेर उभे असताना आतल्याने हातातले काम टाकायचे कसे?

दुसरे कारण फुटीचे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलर उतरणीला लागला होता, त्याच्या जागा १९६ वर आल्या. समाजवाद्यांच्या १२१ आणि कम्युनिस्टांच्या १००, मिळून २२१. पण कम्युनिस्ट समाजवाद्यांनाच मुख्य शत्रू म्हणत होते आणि समाजवादी १९१९ चे रक्त धुवायला तयार नव्हते. गटतट म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटी हिटलर बहुमताने आला नाहीच. म्हाताऱ्या हिंडेनबुर्गच्या भोवतीच्या जमीनदार-उमरावांनी, आपण त्याला मुठीत ठेवू या घमेंडीत, ३० जानेवारी १९३३ रोजी मागच्या दाराने त्याला चॅन्सेलर केले. महिन्याभरात संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी ४८ व्या कलमाखाली ती सात कलमे थांबवली गेली. तात्पुरती. ती हिटलर मरेपर्यंत परत आली नाहीत.

२३ मार्च १९३३ रोजी संसदेने आपले सर्व अधिकार हिटलरला देणारा कायदा केला. कम्युनिस्ट सभासदांना येऊच दिले नव्हते, काही समाजवादी आधीच तुरुंगात होते, सभागृहात तपकिरी गणवेशातले गुंड भिंतीला लागून उभे. बाजूने ४४४ मते पडली, विरुद्ध ९४. ते सगळे ९४ समाजवादी. त्यांच्या वतीने बोलला ओटो वेल्स. कोच-खुर्च्यांना गाद्या ठोकणारा कारागीर. जीनगराने सुरू केलेल्या लोकशाहीच्या बाजूने शेवटचे भाषण केले ते याने.

या सगळ्यावर बाबासाहेबांनी काय निष्कर्ष काढला? तो त्यांनी पंडितांच्या परिषदेत नव्हे, कामगारांसमोर सांगितला. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीला कामगार कार्यकर्त्यांचे अभ्यास शिबिर भरले होते. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. समारोपाच्या भाषणात त्यांनी विचारले की, संसदीय लोकशाही इटली, जर्मनी, रशियात इतक्या सहज कोसळली, ती इंग्लंड-अमेरिकेत का टिकली? त्यांचे उत्तर असे की, कोसळलेल्या देशांपेक्षा टिकलेल्या देशांत सामाजिक आणि आर्थिक लोकशाही जास्त होती. तीच राजकीय लोकशाहीचा धागा-पोत. नुसत्या मताच्या अधिकाराने राज्य करणारा वर्ग बदलत नाही, गरीब मत देऊन घरी जातो आणि जुनेच लोक मालक राहतात, हेही त्यांनी सांगितले. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात राजकारणात समता आणि जीवनात विषमता या विसंगतीबद्दल त्यांनी जो इशारा दिला, आणि राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल दिला, त्यामागे जर्मनीचा हा धडा उभा आहे असे आम्हाला वाटते.

तरी ते कलम घेतलेच ना? होय. आणि ते घेताना वायमारचे नाव सभागृहात घेतले गेले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये हरि विष्णु कामत यांनी बजावले की, आणीबाणीच्या या तरतुदींना जवळचे काही जगात असेल तर ती वायमारची घटना, जी हिटलरने त्याच कलमांनी मोडली. हे कामत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आले होते, म्हणजे राळेगाव तेव्हा ज्या प्रांतात होते तेथलेच सभासद. बाबासाहेबांचे म्हणणे होते की, संकटात सबंध देशाचे हित फक्त केंद्रच पाहू शकते. फाळणीची राख अजून गरम होती हे विसरू नये. पण त्यांनी हिंडेनबुर्ग घेतला नाही. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. मूळ घटनेत आणीबाणी दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांनी मान्य केली नाही तर संपत होती. राज्य सरकारे बरखास्त करण्याच्या कलमाबद्दल तर ते मृत अक्षरासारखे पडून राहावे अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. ते कलम पुढे शंभराहून अधिक वेळा वापरले गेले.

कामतांची भीती अगदीच अस्थानी नव्हती. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. पण येथे जर्मनीसारखे झाले नाही. मार्च १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, आता आणीबाणीतही थांबवता येत नाही. परीक्षेच्या दृष्टीने हे त्या मुलीने लिहून ठेवावे.

सभा संपल्यावर ती आमच्याजवळ आली. "त्या चौऱ्याण्णवाचं मंग काय झालं?" तिने विचारले. काही छळछावणीत गेले, काही मारले गेले, काही देश सोडून गेले. वेल्स १९३९ मध्ये पॅरिसला परक्या मुलखात वारला. तिने वहीत ९४ हा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

विहारातल्या कोपऱ्यात मुलांच्या अभ्यासिकेचे लोखंडी कपाट आहे. दिल्लीच्या त्या भाषणात बाबासाहेबांनी कामगारांना राजा-राण्यांच्या कहाण्या सोडून चार गोष्टी वाचायला सांगितल्या होत्या. रूसोचा सामाजिक करार, मार्क्सचा जाहीरनामा, पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या स्थितीवरचे पत्रक आणि मिलचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ. आम्ही कपाट उघडून पाहिले. परीक्षेची गाइडे होती, धम्माची पुस्तके होती, पुठ्ठा सुटलेली संविधानाची प्रत होती. त्या चारांपैकी एकही नव्हते. ज्या दोहोंची मराठी भाषांतरे आमच्या घरी आहेत ती पुढच्या खेपेला घेऊन येतो असे सांगून आम्ही निघालो. प्रत शिवायला दाभण आणि सुतळी आहे का, असे ते जिनिंगमधले काका तोवर कोणाला तरी विचारत होते.